अप्पारावांची पाच मिनिटं

अप्पाराव साळवे प्रार्थनेला उभे राहणार असं कळलं की छावणी वस्तीतल्या बायका आधी घरचा गॅस बंद करून यायच्या. भात करपला तर त्याला प्रभू जबाबदार नाही, हे सगळ्यांना अनुभवानं कळलं होतं.

माणूस मनानं चांगला. पण बत्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक, आणि त्यातली निम्मी बसस्थानकाच्या माईकपुढं गेलेली. कन्नडमार्गे पिशोरला जाणारी गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, हे त्यांनी सांगितलं की स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही कळायचं. निवृत्त झाले, माईक सुटला, आवाज मात्र तसाच राहिला. प्रार्थनाही ते त्याच शिस्तीनं करायचे. जगाच्या उत्पत्तीपासून गाडी सुटायची आणि मग एकही थांबा चुकायचा नाही. सरकार, पाऊसपाणी, परीक्षा देणारी मुलं, परगावची मंडळी, आणि शेवटी आजारी. आजाऱ्यांची तर नावानिशी यादी, रोगासकट. कुणाची शुगर किती, कुणाचा मुतखडा कुठं अडकलाय, हे देवाच्या बरोबरीनं शेजाऱ्यांनाही समजायचं. लोक डोळे मिटून ऐकायचे आणि आमेन म्हणताना एकमेकांकडं बघायचे.

आगमनकाळात तर अप्पारावांना उसंत नसायची. ख्रिस्तजन्माआधीचे हे चार रविवार म्हणजे खरं तर वाट बघायचा काळ. पण वाट बघायला वेळ आहे कुणाला? घरांना रंग द्यायचा, अंगणात चांदणी टांगायची, करंज्या, चकल्या, बेकरीत नानकटाई भाजून आणायची, मुलांचं नाटक बसवायचं, संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचं. जोडीला घरप्रार्थना, रोज दोन घरं, कधी तीन. प्रभू येईपर्यंत मंडळी इतकी दमलेली असायची की नाताळच्या दुपारी अख्खी छावणी घोरायची.

यंदा दिवाळीपासून अप्पारावांचा घसा बसला होता. मध-आलं झालं, हळदीचं दूध झालं, शेवटी घशाच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि स्वरयंत्रावरच्या दोन गाठी त्यांना स्क्रीनवर दाखवल्या.

"तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंही नाही. कुजबुजण्यानं उलट ताण जास्त पडतो."

अप्पारावांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. उद्या आगमनाचा पहिला रविवार होता.

मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हे कळलं ते भलत्याच रूपात. रविवारी चर्चच्या दारात भामाबाईंनी, म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी, विचारलं, "अप्पाराव, आज एवढं गप का वो?" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, मग हात जोडले. झालं. उपासना सुटेपर्यंत अप्पारावांनी आगमनकाळासाठी मौन धरल्याची बातमी शेवटच्या बाकापर्यंत पोचली होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी तर उपासनेतल्या सूचना, म्हणजे जाहिराती, वाचता वाचता त्यांच्या त्यागाचा खास उल्लेख केला. अप्पारावांनी घाईघाईनं खिशातली वही काढून 'घशाला गाठी आहेत' असं लिहून दाखवलं. भामाबाईंनी ते वाचलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा, मोठेपणा घ्यायला नगं म्हणतो माणूस."

सोमवारी पहाटे अप्पाराव नेहमीसारखे खाटेजवळ गुडघे टेकून बसले. चाळीस वर्षांची सवय. ओठ हलायला लागले. त्यांनी तळहातानं ते दाबून धरले. मग डोक्यात नुसती यादी सुरू झाली, तीही स्टँडवरच्या चालीत. थोड्या वेळानं तीसुद्धा बंद पडली. अप्पारावांनी डोळे उघडून घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली होती.

त्यांना भीती वाटली. ऐकायला कुणी नसेल तर आपल्यापाशी देवाला सांगायला काहीच नाही, हे त्या माणसाला साठी उलटून गेल्यावर कळत होतं. आणि एक नाव होतं, जे यादीत घालायची त्यांची गेल्या तीन वर्षांत छाती झाली नव्हती.

ते नाव मेघाचं. त्यांची एकुलती एक मुलगी.

मेघा आणि जावई इंद्रजीत पडेगावात राहत. छावणीतून रिक्षानं दहा मिनिटं. तीन वर्षांपूर्वी, अशाच आगमनकाळात, ती एका दुपारी एकटीच आली होती. त्याआधी दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं. ती अप्पारावांच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, परत दिवस गेलेत. आईला सांगितलं असतं, पण आई नाही. म्हणून तुम्हाला सांगते. प्रार्थना करा. पण कुणाला सांगू नका, इंद्रजीतच्या घरीसुद्धा माहीत नाही."

अप्पारावांनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी एका घरप्रार्थनेत आजाऱ्यांची यादी संपली आणि गाडी थांबेना. "प्रभू, माझ्या लेकीची कूस दोनदा रिकामी झाली, आता तिसऱ्यांदा तू दिलंयस, ते सांभाळ," असं ते बोलून गेले. बोलता बोलता रडले. चाळीस माणसं त्यांच्याबरोबर रडली आणि असं दणदणीत आमेन झालं की गल्लीतली कुत्री भुंकली. आपण देवाशी बोललो असंच अप्पारावांना वाटत होतं. ते घरी पोचेपर्यंत मेघाला अभिनंदनाचे सात फोन जाऊन पोचले होते.

जानेवारीत तेही बाळ गेलं. मग त्याच सात जणींनी पुन्हा फोन केले.

मेघा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एकदा आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही देवाला नाही सांगितलंत. मंडळीला सांगितलंत." त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा. बीपीची गोळी घेतली का, सिलिंडर आला का, जेवण काय केलं. "तुझं कसं चाललंय?" असं विचारलं की, "बरं चाललंय." यंदा मौन सुरू झाल्यापासून हेच सगळं मोबाइलवर लिहून. ती शिकवायची ती शाळा तिनं बदलली, हे अप्पारावांना बाहेरून कळलं. ती आजारी पडून उठलीसुद्धा, तेही बाहेरूनच. नाताळला यायची, पाया पडायची, करंजी खायची, जायची. तिनं पुन्हा एकदा आपल्याला काहीतरी सांगावं, काहीही, शाळेतली कटकट का असेना, एवढंच त्या बापाला हवं होतं. आणि तेवढंच मिळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात करंज्यांचा दिवस आला. अप्पारावांची पुढची खोली मोठी, म्हणून महिला मंडळ दर वर्षी तिथंच जमायचं. अकरा बायका, सहा पोळपाट, दोन शेगड्या, आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही असा कालवा. भामाबाईंनी रवामैद्याचा घट्ट गोळा परातीत घालून अप्पारावांपुढं सरकवला. "बोलायचं नाय तर नाय, हात तर चालत्यात ना? तिंबा."

अप्पाराव मांडी घालून बसले. गोळा दगडासारखा होता. थोडं तिंबून दम लागला, तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात त्या पिठावर नुसते टेकवले. आणि एकदम यमुनाबाई आठवल्या.

यमुनाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. भाकरी थापायच्या आधी ती असेच दोन्ही हात परातीत टेकवायची आणि डोळे न मिटता, तोंडानं काही न बोलता, दोन-चार श्वास तशीच बसायची. अप्पाराव थट्टा करायचे, "पीठ पळून चाललंय काय?" ती हसायची. "हात टेकवते जरा." मेघा तापानं फणफणली की तिच्या खाटेवर हात टेकवायची. अप्पाराव ड्यूटीवर निघाले की त्यांच्या डब्यावर. बायकांच्या प्रार्थनेत तिला कधी पुढं बोलावलं तर लाजून मागं सरायची, आणि अप्पाराव घरी आल्यावर तिला शिकवायचे, "देवापुढं तोंड उघडावं माणसानं. चार वाक्यं जोडता येत नाहीत का तुला?" ती ऐकून घ्यायची. इतकी वर्षं ती काय करत होती, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी हात उचलले नाहीत. पीठ गार होतं. तळहाताखाली स्वतःचीच नाडी लागत होती. बायका बोलत होत्या, तेल तडतडत होतं, सारण जास्त गोड झालं यावरून दोघींची जुंपली होती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध अप्पाराव गप्प बसले होते. आतली यादीही गप्प होती. आणि मग मेघा आली. तिचं नाव नाही, तिच्यासाठी मागणं नाही, नुसती मेघा, उंबऱ्यात उभी होती तशी. त्यांनी तिला तिथंच राहू दिलं. डोळ्यांतलं पाणी नाकावरून टपकन परातीत पडलं.

"अप्पाराव, पीठ वाळतंय की!" भामाबाई ओरडल्या.

त्या दिवसापासून ते हात टेकवत गेले. पहाटे खाटेवर. पाणी भरताना हंड्यावर. मेघा लहानपणी जिथं उंची मोजायची, त्या दाराच्या चौकटीवर. गुडघ्यांना वातामुळं गार फरशी सोसत नव्हती, तरी ते रोज जास्त वेळ बसायला लागले. दोन मिनिटांची सात झाली, मग पंधरा. काही मिळत होतं असं नाही. उलट जे नव्हतं ते जास्त जाणवायला लागलं. पूर्वी बोलून टाकलं की मोकळं वाटायचं, आता मोकळं व्हायची सोयच नव्हती. आस नुसती तळहातात येऊन बसायची, आणि अप्पाराव तिला धरून बसायचे.

इकडं मंडळीत त्यांचा भाव वधारला होता. घरप्रार्थनेला तेच हवेत असा आग्रह. जायचं, बसायचं, हात टेकवायचे, उठायचं. जेवण गरम मिळायचं हा एक फायदा. दुसरी गोष्ट अप्पारावांच्या उशिरा लक्षात आली. लोक त्यांना काहीबाही सांगायला लागले होते. एका म्हाताऱ्यानं अंगणात बाजूला घेऊन सांगितलं की त्याला आता रात्रीचं दिसत नाही, पण सून चिडेल म्हणून बोलत नाही. खुद्द भामाबाई, ज्यांच्या पुढं भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची, त्या एकदा भांडी आवरताना म्हणाल्या, "अप्पाराव, मला लई एकटं वाटतं वो. एवढ्या गर्दीत असते, तरी." आणि पदरानं तोंड पुसून लगेच पातेली मोजायला लागल्या.

हे असं का, ते मजीदभाईंनी सांगितलं. छावणीतली अर्धी नानकटाई त्यांच्या भट्टीत भाजली जायची. अप्पारावांनी रवा, साखर, तुपाचा डबा काउंटरवर ठेवला आणि वहीत लिहिलं, 'दोन किलो. वेलदोडा जास्त.' मजीदभाईंनी वाचलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ते पुढं वाकले आणि म्हणाले, "अप्पा, एक बात बोलू? घुटने का ऑपरेशन है मेरा, पुढच्या महिन्यात. घर में अभी बोला नहीं. डर लगता है."

अप्पारावांनी त्यांचा पिठानं माखलेला हात धरला. मग न राहवून लिहिलं, 'मला का सांगितलं?'

मजीदभाई हसले. "बुरा मत मानना. पहले तुमको कौन बताता? तुमारे कान में डाली बात सीधी माइक पे जाती थी."

अप्पारावांनी वही मिटून खिशात ठेवली. त्यांना राग आला नाही. खरं बोलणं होतं, आणि त्यांनी ते बेकरीतून घरी नेलं, जेवताना समोर ठेवलं, झोपताना उशाशी घेतलं.

तिसरा आठवडा संपला. शनिवारी सकाळी डॉक्टरांनी पुन्हा कॅमेरा घातला आणि खूश झाले. "गाठी बऱ्याच बसल्यात. आता रोज पाच मिनिटं बोला. हळू आवाजात. पाचाची सहा नकोत."

दवाखान्याच्या पायरीवरच अप्पारावांनी पाळकसाहेबांना मोबाइलवर लिहून टाकलं, 'डॉक्टरांची परवानगी मिळाली. रोज पाच मिनिटं.' जुनी खोड, दुसरं काय. गाडी लागली की पुकारलीच पाहिजे. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि रिक्षाला हात केला. "पडेगाव," ते म्हणाले. तीन आठवड्यांत पहिला शब्द, आणि तोही खरखरीत आला.

रिक्षात त्यांनी हिशेब मांडला. 'मेघा, माझं चुकलं' याला फार तर दहा सेकंद. उरलेली पावणेपाच मिनिटं त्यांनी सवयीनं भरायला घेतली. मी तेव्हा का बोललो, माझ्या मनात काय होतं, बापाचं काळीज कसं असतं. मिलिटरी कँप मागं पडेपर्यंत तो मजकूर आठ मिनिटांवर गेला होता, आणि अप्पाराव त्यात काटछाट करत होते.

शनिवारची सकाळची शाळा करून मेघा नुकतीच आली होती. दार उघडून ती बघतच राहिली. "अप्पा! अहो, फोन तरी करायचा," असं म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली. "हो, तुम्ही कसा करणार फोन. या, आत या. इंद्रजीत झेरॉक्स काढायला गेलाय."

अप्पारावांनी घसा साफ केला. दहा सेकंदांचं वाक्य ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांची नजर जेवणाच्या टेबलाकडं गेली. टेबलावर धुऊन, वाळवून, घडी घातलेले कपड्यांचे दोन छोटे ढीग होते. झबली. तळव्याएवढे पायमोजे. पिवळी लोकरीची टोपी.

ते बघतायत हे मेघानं पाहिलं. तिनं पदर सावरावा तसा ओढणीचा शेव हातात घट्ट धरला. क्षणभर वाटलं, ती ढीग उचलून आत नेणार. पण ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"तुम्हाला आत्ता बोलता येत नाही, म्हणून सांगते," ती म्हणाली. "नाहीतर नसतं सांगितलं."

अप्पारावांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"आम्ही मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलंय. दोन वर्षं झाली. कागदं दिली, घर बघायला बाई येऊन गेल्या, कपाटंसुद्धा उघडून बघितली त्यांनी. मग नुसती वाट बघायची. अप्पा, दोन वर्षं अनोळखी नंबरचा फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. दर वेळी कर्ज पाहिजे का म्हणून विचारणारी बाई असायची." ती हसली. "मंगळवारी खरा फोन आला. मुलगी आहे. सात महिन्यांची. अकोल्याला, तिथल्या संस्थेत. सव्वीस तारखेला बघायला बोलावलंय."

तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत एक मूल कॅमेऱ्याकडं रागानं बघत होतं. केस उभे, एक मूठ तोंडात. अप्पारावांना ती मूठ धरावीशी वाटली, इतकी की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वळली.

"अजून काही नक्की नाही. डॉक्टरी तपासण्या व्हायच्यात, कोणता तरी कागद कमी निघतो म्हणे ऐनवेळी. कुणालाच सांगितलं नाही. यावेळी मला कुणाचे फोन नकोत. आनंदाचेही नकोत आणि नंतरचेही नकोत." ती थांबली. "पण कपडे धुतले मी. नुसती वाट बघवेना. हातांना काहीतरी पाहिजे होतं."

अप्पारावांच्या घशात पाच मिनिटं जशीच्या तशी पडून होती. मला बोलता येतं, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, असं त्यांना वाटलं. आणि ते सांगितलं की ही उठून चहा टाकायला जाईल, बरं चाललंय म्हणेल, हेही दिसत होतं.

"प्रार्थना करायची तर करा," मेघा म्हणाली. "पण अशीच."

अप्पाराव उठले, टेबलापाशी गेले आणि दोन्ही तळहात त्यांनी त्या झबल्यांवर टेकवले. डोळे मिटले नाहीत. बाहेर दौलताबादकडं जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर सुरू झाला. ते हलले नाहीत. कापड मऊ होतं, उन्हाची ऊब त्यात अजून होती.

मेघा उठून टेबलापाशी आली. मग तिच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. "आई असं करायची," ती म्हणाली. "परातीवर." तिनं आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. दोघं तशीच उभी राहिली. मिक्सर थांबला, पुन्हा सुरू झाला. तीन वर्षांत ती इतका वेळ त्यांच्या इतक्या जवळ उभी राहिली नव्हती.

घरी परतताना मात्र अप्पारावांना स्वतःची लाज वाटली. लेकीला फसवलं, मुक्याचं सोंग घेऊन तिचं गुपित काढलं, असं मन खात राहिलं. उद्या संध्याकाळी फोन करू आणि खरं काय ते सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं.

पण उद्याची सकाळ आधी आली. आगमनाचा चौथा रविवार, दर रविवारी एक अशी आज चौथी मेणबत्ती, चर्च खच्चून भरलेलं. अप्पाराव दुसऱ्या बाकावर. पाळकसाहेब जाहिराती वाचत होते. मुलांची रंगीत तालीम चार वाजता, करंज्यांचे डबे भामाबाईंकडं. मग ते चष्म्यावरून बघत हसले. "आणि आनंदाची गोष्ट. अप्पारावांना डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली आहे. मला काल सकाळी अकरालाच त्यांचा निरोप आला. तर आजची विनंतीची प्रार्थना तेच करतील. मंडळी, गॅस बंद करून आलात ना?"

हशा पिकला. अप्पाराव उठून पुढं गेले, वळले, आणि त्यांना शेवटच्या बाकावर मेघा दिसली. इंद्रजीतच्या शेजारी. नाताळशिवाय ती आली नव्हती तीन वर्षं, आणि आज आली होती.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना त्यांनी पाहिलं. काल सकाळी अकरा. ती हिशेब करत होती. पुढच्या बाकाची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली. आता अप्पारावांजवळ आवाजही होता आणि तिची गोष्टही होती, आणि समोर तीनशे माणसं डोळे मिटून उभी होती.

आणि अप्पारावांच्या मनात ती गोष्ट काठोकाठ भरलेली होती. ते उभे केस, ती मूठ. आभार मानायचे होते, भीक मागायची होती, ओरडून सांगायचं होतं. यादी आपोआप लागायला लागली, सरकार, पाऊसपाणी, परीक्षा, आजारी, आणि तिच्या शेवटी अकोल्याची गाडी उभी होती.

त्यांनी तळहात उघडे केले आणि छातीसमोर धरले. कालच्या कपड्यांची ऊब आठवली. श्वास आत गेला, बाहेर आला. कुणीतरी खोकलं. एका लेकराच्या हातून पाण्याची बाटली पडून बाकाखालून गडगडत गेली. भामाबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. अप्पाराव उभेच होते. हळूहळू खोकलेसुद्धा थांबले. आगमनाचे तीन आठवडे धावत सुटलेली ती सगळी माणसं पहिल्यांदाच एका जागी, काही न करता, वाट बघत उभी राहिली.

मग अप्पाराव म्हणाले, "प्रभू, आम्ही वाट बघतोय. कशाची, ते तुला ठाऊक आहे. आमेन."

मागून आमेन आलंच नाही, कारण कुणाची तयारीच नव्हती. बरीच जणं अजून पुढच्या लांबलचक यादीसाठी डोळे मिटून दम धरून होती. शेवटच्या बाकावरून एकच आवाज आला. मेघाचा.

उपासना सुटल्यावर ती अंगणात त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल. "काल तुम्हाला बोलता येत होतं?"

अप्पारावांनी होकारार्थी मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना आठ मिनिटांचा मजकूर आठवला. त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"तू बोलत होतीस," ते म्हणाले.

मेघा एक पाऊल पुढं आली. मग तिनं हात वर करून त्यांच्या गळ्यातला मफलर नीट केला, घशावरून दोनदा घट्ट गुंडाळला, लहान मुलाला गुंडाळतात तसा. त्यांना बोलायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं. तिनं मानेनंच नको म्हटलं.

तेवढ्यात करंज्यांचे डबे घेऊन भामाबाई आल्या. मेघानं मागं वळूनही न बघता, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अप्पा, शुक्रवारी सकाळची अकोल्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते हो? तीन तिकिटं काढायचीत."

तीन. अप्पारावांनी तिच्याकडं पाहिलं, इंद्रजीतकडं पाहिलं. जावयानं हळूच मान डोलावली.

"अकोल्याला?" भामाबाईंचे कान टवकारले. "नाताळाच्या दुसऱ्या दिवशी? कुणाकडं वो, अप्पाराव? काय काढलंय तिथं?"

अप्पारावांनी मेघापुढं चार बोटं धरली. मग भामाबाईंकडं वळून आधी गळ्याकडं बोट दाखवलं, नंतर मनगटावरच्या घड्याळाकडं, आणि खेदानं मान हलवली. पाच मिनिटं संपली होती.

"अरे देवा, व्हय की," भामाबाई हळहळल्या. "आराम द्या घशाला." आणि त्या डबे वाटायला निघून गेल्या.

खरं तर साडेचार मिनिटं अजून शिल्लक होती.